वन्संनी काढलेलं चित्र

नदीचं पाणी रंगवायला शिकण्यात माझी काही वर्षं गेली, आणि शेवटी ते जमलं ते न रंगवल्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं भांडण त्या कोऱ्या सोडलेल्या कागदावरून झालं.

नव्वदच्या दशकात मी साताऱ्यात एका सरकारी कचेरीत ट्रेसर होते. इंजिनिअरांनी काढलेले नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवायचे, हे काम. आठवडाभर दुसऱ्यांच्या रेघा. म्हणून रविवारी सकाळी मी स्वतःच्या रेघा ओढायला बाहेर पडायचे. लूनाच्या पुढच्या जागेत बोर्ड उभा ठेवायचा, पायाला खेटून पाण्याची बाटली, खांद्याला पिशवी. पिशवी मी यादी बघून भरते. तेव्हाही भरायचे, आताही भरते. ट्यूबा, तीन ब्रश, जुन्या गंजीफ्रॉकचं फडकं, पाण्याला दोन डबे: एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. ज्यांना एका डब्यात भागतं त्यांच्या चित्रातलं आभाळ बघून मला ते लगेच कळतं.

जायचं ते बहुतेक वेळा माहुलीला. कृष्णा आणि वेण्णा तिथं मिळतात, दगडी घाट आहे, देवळं आहेत, आणि सकाळी लवकर गेलं तर कपडे धुणाऱ्या बायका यायच्या आत तासभर शांतता मिळते. नंतर त्या यायच्या आणि माझ्या पाठीशी उभं राहून आपसात ठरवायच्या, की ही बाई सरकारकडून मोजणीला आली आहे.

आता सासरचं सांगते. आमच्या घरात आहेर हा एक उद्योगच होता. लग्न, बारसं, वास्तुशांत, सत्यनारायण, कुणाचं काही निघालं की काय द्यायचं याची चर्चा सुरू. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, सांगलीला दिलेल्या. तिथल्या एका महिला मंडळाच्या त्या सर्वेसर्वा. मंडळातल्या बायका त्यांना आक्का म्हणत आणि त्यांच्याशी बोलताना उगाचच पदर सावरत. वन्संचा गोतावळा मोठा, त्यामुळे आहेरही मोठे. त्यांनी एकदा माझ्या कपाटातलं एक चित्र बघितलं आणि त्यांना मार्ग सापडला.

"हे पडूनच आहे ना गं?" त्या विचारायच्या.

"पडून नाही वन्सं. ठेवलंय."

"तेच ते."

आणि चित्र पिशवीत. सांगलीला त्यांच्या ओळखीचा फ्रेमवाला होता, तो काच-फ्रेम करून द्यायचा. स्टीलच्या ताटापेक्षा स्वस्त, आणि घेणाऱ्याला वाटायचं काहीतरी कलेचं मिळालं. मी नवऱ्याकडे तक्रार केली की तो म्हणायचा, "घरातल्या घरातच आहे. आणखी एक काढशील की." हा माणूस स्वतःच्या पेनचं टोपण कुणाला देत नाही.

काही वर्षं मी ते चालू दिलं. जी चित्रं जायची ती मला फारशी आवडलेली नसायची, हेही खरं. मग एका डिसेंबरात ते चित्र झालं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाण्याच्या रंगात, म्हणजे जलरंगात, पांढरा रंग वापरायचा नाही, असा मला शिकवणाऱ्या सरांचा दंडक होता. जिथं उजेड हवा तिथं कागद कोरा सोडायचा. तो कुठं सोडायचा हे पहिला ब्रश टेकवण्याआधी ठरवावं लागतं, कारण रंग एकदा कागदात उतरला की उजेड मागे आणता येत नाही. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पाणी समोर दिसत असताना त्याला हात न लावणं फार अवघड जातं. मी दरवेळी लावायचे. जरा निळा, जरा करडा, नदी मेलेली. त्या सकाळी धुकं होतं, बोटं गारठली होती, आणि पलीकडचा काठ, देऊळ, घाटाच्या पायऱ्या एवढं होईपर्यंत ऊन वर आलं. मी थांबले. मधला नदीचा पट्टा कोराच राहिला होता, आणि तो चकाकत होता. मी ब्रश फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत खोल खाली घालून टाकला, पुन्हा मोह नको म्हणून.

हे चित्र कुणाला द्यायचं नाही, असं मी घरात मोठ्याने सांगितलं. नवऱ्याने मान डोलावली. खालच्या पायऱ्यांवर उजव्या कोपऱ्यात मी सही केली. एरवी मी सही करत नसे.

पुढच्याच महिन्यात वन्सं येऊन गेल्या. मी कचेरीत होते. संध्याकाळी कपाट उघडलं तर चित्र नाही.

"अगं, तिला घाई होती," नवरा म्हणाला. "मिरजेला कुणाची तरी वास्तुशांत आहे."

"मी काय सांगितलं होतं?"

"तूच सांगितलं असतंस ना तिला, तू असतीस तर. माझं ती ऐकते का?"

एवढं खरं होतं. वन्सं त्याचं लहानपणापासून ऐकत नव्हत्या. पण कपाटाची किल्ली कुठं असते हे त्यांना कुणी सांगितलं, याचं उत्तर त्याने आजतागायत दिलेलं नाही.

मी ठरवलं, मिरजेला जायचं. बोलावणं वन्संमार्फत मलाही होतंच. गोड बोलायचं, दुसरं चित्र द्यायचं, हे परत आणायचं. बदली द्यायला चांगलं फ्रेम केलेलं अजिंक्यताऱ्याचं एक चित्र मी बरोबर घेतलंही. म्हणजे सुरुवातीला माझ्या मनात काही वाईट नव्हतं. ते मिरजेत आलं.

घर नवं, चुन्याचा वास अजून जात नव्हता. घरमालकीण वन्संच्या मंडळातली, नवऱ्याचं औषधांचं दुकान. बाई मोकळी, हसरी, सगळ्यांना हात धरून घर दाखवणारी. बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या वर माझं माहुलीचं चित्र होतं. मी बघितलं आणि मला क्षणभर कळेना काय बिघडलं आहे. मग कळलं. खालच्या पायऱ्या नव्हत्या. फ्रेमवाल्याकडे सोनेरी प्लास्टिकची तयार फ्रेम होती, तिच्यात मावावं म्हणून त्याने चित्र खालून कापलं होतं. आणि काच परवडत नाही म्हणून की काय, प्लायवर चिकटवून वरून लॅमिनेशन मारलं होतं, शाळेच्या ओळखपत्राला मारतात तसं. पायऱ्यांबरोबर सहीही गेली होती.

"छान आहे ना?" घरमालकीण म्हणाली. "आक्कांनी स्वतः काढलंय. आमच्यासाठी."

वन्सं शेजारीच होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता त्या म्हणतील, अगं नाही, ही माझी भावजय, हिने. एवढं म्हणाल्या असत्या तर मी लॅमिनेशनसुद्धा गिळलं असतं. वन्संनी प्रसादाचा द्रोण एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "असंच गं. जरा वेळ मिळाला की बसते."

"पाणी तर असं काढलंय, हात घातला तर ओला होईल!" दुसरी एक बाई म्हणाली.

"त्याला सराव लागतो," वन्सं म्हणाल्या.

सराव लागतो. मी प्रसादाचा शिरा संपवला. तूप भरपूर होतं, चांगला झाला होता. द्रोण टाकायला मागच्या अंगणात जाईपर्यंत माझा बेत तयार होता. अजिंक्यताऱ्याचं चित्र मी पिशवीतून बाहेर काढलंच नाही.

मंडळाची दरवर्षी संक्रांतीनंतर एक सहल निघायची. यंदा कुठं, हे अजून ठरलेलं नव्हतं, आणि त्यावर बायकांचं आतच बोलणं चाललं होतं. मी जाऊन बसले आणि म्हणाले, "आमच्याकडे साताऱ्याला या की. सज्जनगड करू, आणि दुपारी माहुलीच्या घाटावर डबे खाऊ. सगळी व्यवस्था माझ्याकडे. आणि आक्का तिथं बसून आपल्या सगळ्यांना चित्र काढून दाखवतील. ही तीच नदी आहे ना, भिंतीवरची."

टाळ्या पडल्या. वन्संचा चेहरा मी मुद्दाम बघितला नाही. तो मी नंतरसाठी ठेवला.

चार दिवसांनी त्यांचा कचेरीत फोन आला. माझ्या साहेबांच्या टेबलावर फोन, साहेब समोर, त्यामुळे मला फक्त हो-नाही बोलता येईल हे वन्संना माहीत होतं.

"अगं, ते चित्राचं तू उगाच काढलंस. माझी कंबर दुखतेय."

"खुर्ची ठेवू, वन्सं."

"मी काय म्हणते, तूच बस काढायला. मी शेजारी बसते. सांगू, मी हिला शिकवलं म्हणून."

साहेब समोर होते म्हणून बरं. मी म्हणाले, "त्यापेक्षा ते चित्र कुणाचं, तेवढं सांगून टाका."

"आता? सगळ्या बायकांत? शोभतं का ते?"

"मग खुर्ची ठेवते," असं म्हणून मी फोन ठेवला. मी त्यांना सुटायला वाट दिली होती असा या बोलण्याचा कुणी चांगला अर्थ लावू नये. त्या ती घेणार नाहीत याची मला खात्री होती, म्हणूनच मी ती देऊ शकले.

त्या पंधरवड्यात मी जेवढ्या मन लावून तयारी केली तेवढी स्वतःच्या लग्नातही केली नव्हती. बायकांसाठी ताक, सतरंज्या, घाटावर सावली कुठल्या वेळी कुठं असते याची पाहणी. वन्संसाठी माझा सगळ्यात चांगला जाड हातकागद, ओला करून बोर्डावर ताणून चिकटवलेला. नवे ब्रश. ताज्या ट्यूबा. उद्या कुणी म्हणायला नको की हिने सामानच खराब दिलं. त्या सामानात कशाचीही खोट नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. पाण्याच्या रंगांच्या डब्यात जे असायला हवं ते सगळं होतं, आणि जे नसतं ते नव्हतं.

सहलीच्या दिवशी मिनीबस सांगलीहून पहाटे निघून मलकापूरला चहा घेऊन आली. गड झाला, डबे झाले. मग मी घाटावर, पिंपळाच्या सावलीत, खुर्ची मांडली. पुढे बोर्ड, बाजूच्या कट्ट्यावर रंग, पाण्याचे दोन डबे. बायका पायऱ्यांवर गोल करून बसल्या. नवऱ्याला मी सामान वाहायला आणलं होतं. तो लूनाजवळ उभा राहून आकाशात काहीतरी शोधत होता.

वन्सं बसल्या. मला वाटलं होतं त्या पाय मागे घेतील. पण बाई धीराची, हे मान्य केलं पाहिजे. घरी थोडा सरावही केला असावा, कारण त्यांनी पेन्सिलने झरझर दोन डोंगर काढले, मध्ये सूर्य, त्याला किरणं, खाली झोपडी आणि झोपडीशेजारी वाकलेलं नारळाचं झाड.

मंडळात सांगलवाडीची एक म्हातारी होती, सगळ्यांत पुढे बसलेली. ती एकदा कागदाकडे बघायची, एकदा नदीकडे.

"आवं आक्का," ती शेवटी म्हणाली, "हितं नारळ कुटं दिसतंय तुमास्नी?"

"कल्पना असते त्यात," वन्सं म्हणाल्या.

"आन् देऊळ? एवढं मोठ्ठं म्होरं हाय की."

"ते नंतर."

"लय नंतर नंतर करू नगासा, बस सुटंल."

हशा पिकला. वन्संनी ब्रश निळ्यात बुडवला आणि नदी भरायला घेतली. या काठापासून त्या काठापर्यंत, घट्ट, भिंतीला ऑइलपेंट देतात तशी. ब्रश त्यांनी दोन्ही डब्यांत धुतला. मी मागे उभी होते. एवढ्या चांगल्या कागदाचं वाईट वाटलं, पण तो खर्च मी धरलाच होता.

मग मिरजेची घरमालकीण पुढे वाकली. तिच्या मनात काही नव्हतं, ती खरोखरच कौतुकाने बघत होती. "आता ते चमकणारं पाणी काढा ना आक्का. आमच्या चित्रातलं."

"काढते," वन्सं म्हणाल्या. त्यांनी ट्यूबा उलटसुलट केल्या. डबा हलवून बघितला. मग मान मागे वळवून मला म्हणाल्या, जरा चिडूनच, "अगं, पांढरा कुठाय? पांढरा दिलाच नाहीस तू."

हेच. ही गोष्ट त्या विचारतील हे मला माहीत होतं. ज्याने पाण्याच्या रंगात एकदाही नदी काढली आहे तो हे विचारत नाही, आणि ज्याने काढलेली नाही तो हे विचारल्याशिवाय राहत नाही.

"पांढरा नसतो, वन्सं," मी म्हणाले. आवाज पायऱ्यांपर्यंत जाईल एवढा काढला. "पाणी कोरं सोडायचं असतं. आधीपासून."

"म्हणजे?" घरमालकीण म्हणाली. "आमच्या चित्रातलं ते पाणी?"

"तो नुसता कागद आहे."

"पांढरा रंग नाही दिलाय तो?"

"नाही."

ती वन्संकडे वळली. "पण आक्का, तुम्ही तर म्हणालात शेवटी पांढऱ्याचे हात मारले म्हणून..." आणि तिथंच थांबली. मग माझ्याकडे बघून हळू विचारलं, "तुम्हाला कसं माहीत, वहिनी?"

"मी सोडला म्हणून. त्या समोरच्या पायरीवर बसून. खाली सहीपण होती माझी, आक्कांच्या फ्रेमवाल्याने कापली."

 खाली धुणं आपटल्याचा आवाज येत होता. मग सांगलवाडीची म्हातारी म्हणाली, "आगं बया. म्हंजी आक्कांचा निस्ता नारळच?" आणि आधी एक, मग दुसरी, मग सगळ्या पायऱ्या हसायला लागल्या. वर्षानुवर्षं पदर सावरून बसलेल्या बायका होत्या. त्यांचंही काही साठलेलं असणार.

वन्सं उठल्या. माझ्याजवळ येऊन, दात आवळून म्हणाल्या, "तू हे मुद्दाम केलंस."

"हो," मी म्हणाले. "अगदी मुद्दाम."

तो चेहरा मी नंतरसाठी ठेवला होता, तो तेव्हा नीट बघून घेतला.

परतीच्या बसमध्ये त्या पुढच्या सीटवर एकट्या बसल्या, असं मला नंतर कळलं. नवरा माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. मी त्या शांततेत पुष्कळ काम उरकलं. मिरजेच्या बाईने दुसऱ्याच आठवड्यात निरोप पाठवला, की चित्र तुमचं आहे, घेऊन जा. मी गेलेही. भिंतीवरून उतरवून उलटसुलट करून बघितलं. डिंक प्लायमध्ये मुरलेला, वर प्लास्टिक. सोडवायला गेलं तर कागदच फाटणार. "राहू दे तुमच्याकडे," मी तिला म्हटलं. तिने माझ्यासमोर मार्करने लॅमिनेशनवरच, कोपऱ्यात, माझं नाव लिहिलं. अक्षर वाईट होतं. मी तिला थांबवलं नाही.

तेव्हापासून मी सही कोपऱ्यात करत नाही. खडकावर, देवळाच्या भिंतीवर, अगदी मध्ये करते. चित्र बिघडतं, असं माझे सर म्हणाले. बिघडू दे. आता कापायचं तर देवळासकट कापा.

दोन-तीन वर्षांनी वन्संच्या मुलीचं लग्न निघालं. मधल्या काळात आम्ही सणासुदीला भेटत होतो, वाढलेलं खात होतो आणि एकमेकींच्या तब्येतीची चौकशी करत होतो. त्यांनी नवऱ्याकडून निरोप दिला: आहेर म्हणून एक चित्र दे म्हणावं, मोठं. मुलीच्या सासरी दाखवायला बरं.

"देशील ना?" नवऱ्याने विचारलं. "तेवढाच जुना विषय मिटेल."

"आहेर तर देणारच," मी म्हणाले.

मी साताऱ्यात भांड्यांच्या दुकानात गेले आणि स्टीलचा एक मोठा पिठाचा डबा घेतला, दुकानातला सगळ्यात जाड. नाव घालणारा माणूस दारातच बसायचा, त्याचं मशीन दाढ कोरल्यासारखा आवाज करायचं.

"कुठं घालू?" त्याने विचारलं. "तळाला?"

"दर्शनी बाजूला. मधोमध."

"दर्शनी बाजूला कुणी घालत नाही, बाई. वाईट दिसतं."

"घाला. पूर्ण नाव. आणि 'यांजकडून' मोठं काढा."

लग्नात मी तो डबा कागदात न गुंडाळता दिला. मुलगी गोड, तिने नमस्कार केला. तिला पुण्यात एका खोलीत संसार मांडायचा होता, एवढा डबा कुठं ठेवणार, म्हणून तो सांगलीला आईकडेच राहिला. वन्संच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली तेवढ्या मापाचा दुसरा डबा नाही. सांगलीला गेले की मी मदतीला म्हणून आत जाते. वन्सं तो नाव भिंतीकडे करून ठेवतात. मी कणीक काढायला घेते, आणि ठेवताना सरळ करून ठेवते.